भिंत एकाची, बिल दुसऱ्याचं

इमारत बिल्डर बांधतो आणि विजेचं बिल त्यात राहणारा भरतो. इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी कायदा का लागतो, याचं उत्तर या साध्या व्यवहारात दडलेलं आहे.

एप्रिलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीत, रात्री नऊ वाजता भिंतीला तळहात लावून पाहा. सूर्य मावळून दोन तास झाले तरी भिंत तापलेलीच असते. काँक्रीटने दिवसभर शोषलेली उष्णता आता खोलीत उतरत असते. ज्याच्याकडे एसी आहे, त्याचं बिल वाढतं. ज्याला तो परवडत नाही, त्याची झोप जाते. भिंत पातळ काँक्रीटची न करता एएसी ब्लॉकची केली असती, खिडकीवर पुरेसा छज्जा दिला असता, तर हा त्रास बराच कमी झाला असता. पण हे ठरलं तेव्हा राहणारा माणूस तिथे नव्हताच. फ्लॅट घेताना तो चटईक्षेत्र, पार्किंग, टाइल्स पाहतो. भिंतीतून किती उष्णता येईल, हे सॅम्पल फ्लॅटमध्ये दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक मोजत नाही, मग बिल्डर तरी त्यावर खर्च कशाला करेल?

म्हणून नकाशा कागदावर असतानाच रहिवाशाची बाजू कोणीतरी मांडावी लागते. ते काम कायद्याचं. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने त्याचा पाया घातला. 2007 मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली आणि 2018 मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’. थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता, ठरलेल्या सूत्राने मोजली तर, चौरस मीटरमागे 15 वॅटच्या वर जाऊ नये, असं ती सांगते. छपरासाठी वेगळी मर्यादा आहे. उघडणाऱ्या खिडक्यांचं किमान प्रमाणही आहे, आणि मुंबईसारख्या दमट हवेत ते जास्त ठेवलं आहे, कारण तिथे वारा खेळल्याशिवाय अंगाचा घाम सुकत नाही. वीट वापरा की ब्लॉक, याची सक्ती नाही. मर्यादा पाळा, मार्ग तुम्ही निवडा. पुढे 2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही मूळ कायद्याच्या कक्षेत आल्या.

तरीही संहिता दिल्लीत होते आणि नकाशा मंजूर होतो महापालिकेत. राज्याने ती अधिसूचित करून बांधकाम नियमावलीत आणली नाही, तर ती कागदावरच राहते. नियमावलीत आली तरी मंजूर नकाशातली भिंत जागेवर तशीच उभी राहिली का, हे कोणीतरी जाऊन पाहावं लागतं.

इथे हयगय परवडणारी नाही. पंखा, दिवा, एसी पुढे कधीही बदलता येतो. भिंत मात्र पन्नास वर्षं तशीच राहते. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी अग्निसुरक्षा जितक्या काटेकोरपणे तपासली जाते, तितक्याच काटेकोरपणे भिंत, काच आणि गच्चीही तपासली गेली पाहिजे. त्यानंतर चूक सुधारायचा खर्च रहिवाशाच्याच माथी येतो.