गाडीखालचा पुठ्ठा

1872 सालच्या भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे. कलम 17 मध्ये फसवणूक म्हणजे काय ते समजावताना त्याचं उदाहरण दिलंय. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे अ ला ठाऊक असतं, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण असं की, ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं: ब म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालतो.' अ गप्प राहतो. इथे मात्र गप्प राहणं हे बोलण्यासारखंच मानलं जातं.

म्हणजे विचारलं तर सांगायचं, घरचं माणूस असेल तर न विचारता सांगायचं, आणि परक्याने विचारलंच नाही तर गप्प बसायला मोकळे. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे गणित मी सध्या रोज करतोय, कारण मला गाडी विकायचीय.

गाडी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. वॉरंटी तीन वर्षांची होती. घोडेगावात घरासमोर उभी असते, आणि सकाळी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. मी खाली पुठ्ठा अंथरला, म्हणजे थेंब नेमका कुठून येतो ते कळेल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, बरोबर तिथून. वॉरंटीत असताना सर्व्हिस सेंटरला दाखवलं होतं. तेव्हा डाग पडत नव्हता, नुसता ओलावा होता. 'लीक नाही सर, सीपेज आहे,' असं उत्तर मिळालं आणि जॉबकार्डवर 'नॉर्मल' लिहिलं गेलं. (आमच्या धंद्यातही हे चालतं. 'बग' म्हटलं की कुणाला तरी दुरुस्त करावा लागतो, 'नोन इश्यू' म्हटलं की पुढच्या रिलीजपर्यंत झोपता येतं.)

हायवेवरच्या मेकॅनिकने लिफ्टवर गाडी घेऊन टॉर्च मारला. बहुतेक क्रँकचं मागचं ऑईल सील, म्हणाला. सील काहीशे रुपयांचं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीसकट नऊ हजार. 'बहुतेक' हा शब्द त्याने प्रामाणिकपणे दोनदा वापरला, कारण उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. वर तीन वर्षांच्या गाडीचा गिअरबॉक्स एकदा बाहेरच्या गॅरेजात उतरवला, की घेणारा त्याचेही पैसे कापतो. मग त्यानेच तोडगा सुचवला: 'विकायचीच आहे ना? इंजिन धुऊन देतो. पंधरा दिवस थेंब दिसणार नाही.'

इसवी सनापूर्वी 44 साली सिसेरोने कर्तव्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या तिसऱ्या भागात हाच वाद आहे. त्याच्याकडे गाडीऐवजी घर आहे. घर रोगट आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात, आणि हे मालक सोडून कुणाला माहीत नाही. डायोजेनीस नावाचा स्टोइक म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे; घ्यायची सक्ती कुणी केलीय? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो. मीही जातो, पण माझं कारण जरा वेगळं आहे.

टायर झिजलेत, दारावर ओरखडा आहे, हे मी सांगत बसणार नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. पण पुठ्ठ्यावरचा डाग अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाही. तो गाडीसोबत राहूनच कळतो, आणि तिच्यासोबत राहिलोय फक्त मी. ही माहिती माझ्या हुशारीने मिळालेली नाही. ती गाडीतूनच गळलीय, त्यामुळे ती गाडीसोबतच जायला हवी, आरसी बुकासारखी. ओपन सोर्स सॉफ्टवेअरही 'जसं आहे तसं' याच अटीवर मिळतं, पण तिथे कोड उघडा असतो, वाटलं तर वाचा. इंजिन धुतलेली गाडी 'जशी आहे तशी' नसतेच.

आमच्या गावाच्या नावात घोडे असले तरी बाजार म्हशींचा मोठा. तिथे हा प्रश्न दर आठवड्याला उभा असतो. दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवून आणलेली म्हैस, बंद सड, लाथ मारायची सवय. घेणाराही कच्चा नसतो. तो दात बघतो, कास दाबतो, समोर धार काढायला लावतो, आणि भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. वडिलांनी या बाजारात बऱ्याच म्हशी घेतल्या-विकल्या. त्यांचा हिशेब सरळ आहे: सांगितलेली खोड परत येत नाही. न सांगितलेली म्हैस पुढच्या बाजारी दावं धरून दारात येते. मला हे पटतं, पण पुरत नाही. कारण ही परत येण्याची भीती आहे. गाडी नगरच्या डीलरला दिली तर दारात कुणी येणार नाही.

भीतीवर चाललेला विश्वास बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्या फाट्यावरून आत वळलं की शनिशिंगणापूर. घरांना दरवाजे नाहीत. 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल, ही त्यामागची श्रद्धा. तरी त्याच देवाला वाहिल्या जाणाऱ्या तेलात भेसळ येऊ लागली, शिळेची झीज व्हायला लागली, म्हणून 2025 मध्ये फक्त ब्रँडेड तेल वाहण्याचा नियम करावा लागला. कुलूप न लावणारं गाव तेलाच्या बाटलीवर मात्र लेबल बघतं. चोराला भीती वाटते, पण बाटलीत हलकं तेल भरणाऱ्याला आपण काही चोरतोय असं वाटतच नसावं. तो फक्त सांगत नाही.

डीलरच्या फॉर्मवर अपघात, विमा, कर्ज असे रकाने आहेत. गळतीचा नाही. त्याने विचारलेलं नाही, तो कसलेला व्यापारी आहे, जोखीम धरूनच भाव सांगतो. तेव्हा त्याला न सांगणं मला एकवेळ चालेल. पण तो गाडी ठेवून घेणार नाही. इंजिन धुऊन ती सोनईच्या नाहीतर नेवाशाच्या एखाद्या घरात जाईल, आणि माझं गप्प बसणं त्याच्या हातून तिथवर पोचेल.

म्हणून मी स्वतःच गिऱ्हाईक शोधलं. सोनईचे एक शिक्षक मुलाला घेऊन आले. मुलाने यूट्यूब बघून यादी केली होती. रंगाची जाडी, टायरची तारीख, डिपस्टिक, सगळं तपासलं. पातळी बरोबर होती, कारण मी ऑईल भरत असतो. त्यांनी विचारलं नाही. मी पुठ्ठा दाखवला, नऊ हजारांचं एस्टिमेट दाखवलं. सरांनी हात जोडले, चहा घेतला. रात्री मेसेज आला: एवढं सांगितलंत, मग न सांगितलेलं किती असेल, असं मुलगा म्हणतोय. क्षमस्व.

जॉर्ज अकरलॉफने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला. त्या कामासाठी त्याला पुढे 2001 मध्ये नोबेल मिळालं. घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात, असं त्याचं म्हणणं. निबंध मी कॉलेजात वाचला होता. दोष सांगणाऱ्यावर दोष न सांगणाऱ्यापेक्षा जास्त संशय येतो, हे मला त्या मेसेजमधून कळलं. नऊ हजारांचा दोष, पण सांगायची किंमत त्याच्या दुप्पट-तिप्पट. ती मी का भरायची, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. 'चांगुलपणा' हे उत्तर मला फार सैल वाटतं. एवढंच म्हणू शकतो, की त्या मुलाचा राग येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच टाइप केलं असतं.

डीलरचा भाव अजून उभा आहे, महिनाअखेरपर्यंत. दरम्यान वडाळ्याहून एकांचा फोन आला. स्वतः ड्रायव्हर आहेत, गाडी रविवारी बघणार. फोनवर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'ऑईल खाते का?' मी म्हटलं, खात नाही, गळतं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, 'गाडी धुऊ नका. आहे तशी उभी राहू द्या.'