काच फुटण्याआधीचा आवाज

स्पॅनिश गायिका रोझालियाच्या ‘मालामेंते’ या २०१८ सालच्या गाण्यात प्रत्यक्ष वाईट असं काही घडत नाही. घडणार आहे, एवढंच गाणारीला ठाऊक असतं. काच जमिनीवर पडण्याआधीच काचेची करकर तिला ऐकू येते, जिन्याच्या वळणावरचा दिवा लुकलुकतो, पॅसेजमधून कोणीतरी जातं. स्वप्नात ती एका पुलावर चालते आहे आणि ओलांडायची जितकी धडपड, तितका तो जास्त डगमगतो. ‘एल माल केरेर’ या अल्बमचं हे पहिलं प्रकरण, शकुनाचं. अल्बमला आधार तेराव्या शतकातल्या ‘फ्लामेंका’ या ऑक्सितान कथाकाव्याचा; त्यातला मत्सरी नवरा बायकोला मनोऱ्यात कोंडून ठेवतो. लग्न येतं ते दुसऱ्या प्रकरणात. म्हणजे स्वप्नाने सगळं आधीच सांगितलं, तरी पाऊल थांबलं नाही. कळतं पण वळत नाही, ही अवस्थाच या गाण्याचा गाभा आहे आणि तिथली इलेक्ट्रॉनिक रचना निव्वळ सजावट ठरत नाही, ती यामुळेच. या गाण्याची मुळं फ्लॅमेंको या स्पेनमधल्या पारंपरिक गायकीत आहेत. फ्लॅमेंकोत टाळ्या धरणारी, हाळी देऊन गाणाऱ्याला चेव आणणारी माणसं भोवती बसलेली असतात. रोझालिया आणि तिचा सहनिर्माता एल गिंचो यांनी टाळ्या कोरड्या, धारदार ठेवल्या, हाळ्यांचे तुकडे केले आणि मधल्या जागा रिकाम्या सोडल्या. सोबत ऐकू येते, पण सोबतीला कोणी नाही. स्वप्नातल्या माणसाचं एकटेपण नेमकं असंच असतं.

यंत्राने फ्लॅमेंको बाटतो, हा आक्षेप मला पटत नाही. फ्लॅमेंको गायक कामारोनने १९७९ साली ‘ला लेयेंदा देल तिएम्पो’ या अल्बममध्ये इलेक्ट्रिक गिटार, सिंथेसायझर, अगदी सतारही घेतली, तेव्हा नाकं मुरडली गेली, आज तोच अल्बम मानदंड आहे. दुसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. रोझालिया कातालान आहे, खितानो म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी समाजातली नाही. ज्या समाजाने हे गाणं घडवलं आणि शतकानुशतकं हेटाळणी सोसली, त्याची खूण गाण्याच्या शब्दांत उरते ती मुख्यतः इशारा देणाऱ्या जिप्सी बाईपुरती. त्या बाईचा इशारा अल्बममध्ये पुढे खरा ठरतो, असं रोझालियाच्या बाजूने म्हणता येईल. तरीही ती बाई साच्यातलीच राहते, आणि एवढ्या ताज्या प्रतिमांच्या गाण्यात हीच जागा मला कच्ची वाटते. शकुन उभा करायला काच, दिवा आणि पूल पुरेसे होते.