चर्चा कधी, हे कोण ठरवतं?

संसदेत कोण काय बोललं, हे आपल्या लक्षात राहतं. ते कधी बोललं गेलं, हा प्रश्न मात्र आपल्याला कारकुनी वाटतो. माझ्या मते तो आधी नैतिक प्रश्न आहे. कुणाचं दुःख आज ऐकायचं आणि कुणाचं पुढच्या आठवड्यात, हे जो ठरवतो, त्याने कोणाचं दुःख किती मोलाचं हेही ठरवलेलं असतं.

मणिपूरचं पाहा. ३ मे २०२३ रोजी तिथे मैतेई आणि कुकी-झो समाजांमध्ये हिंसाचार पेटला. संसदेचं पावसाळी अधिवेशन २० जुलैला सुरू झालं. तोवर शंभराहून अधिक माणसं मारली गेली होती, हजारो लोक छावण्यांमध्ये होते. सरकार म्हणत होतं, आम्ही चर्चेला तयार आहोत. विरोधक म्हणत होते, चर्चा हवीच. तरीही चर्चा होत नव्हती.

पंतप्रधानांनी सभागृहात निवेदन करावं, ही एक मागणी होती. दुसरं भांडण नियमाचं होतं. राज्यसभेत विरोधकांना नियम २६७ हवा होता, म्हणजे बाकीचं कामकाज बाजूला ठेवून चर्चा. सरकार नियम १७६ ला राजी होतं, म्हणजे अल्पकालीन चर्चा. ती जास्तीत जास्त अडीच तास चालते आणि शेवटी मतदान होत नाही.

हा निव्वळ शब्दांचा खेळ होता का? मला तसं वाटत नाही. ‘हातातलं काम ठेवून ऐकतो’ आणि ‘कामातून वेळ काढून ऐकतो’ यांतला फरक आपल्याला घरातही कळतो. पण छावणीत तिसरा महिना काढणाऱ्या बाईला २६७ काय आणि १७६ काय? तत्त्वासाठी ताणून धरण्याची किंमत बोलणारे मोजत नव्हते, ती मोजत होती. ही गोष्ट दोन्ही बाकांना लागू होते. फक्त कामकाजाची सूत्रं ज्याच्या हातात, त्याच्याकडे जबाबदारीचा मोठा वाटा जातो.

अखेर लोकसभेत ८ ते १० ऑगस्टला चर्चा झाली, तीही अविश्वास ठरावाच्या वाटेने. ठराव पडणार हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण ५० सदस्य उभे राहिले की असा ठराव टाळता येत नाही. पुढे १३ फेब्रुवारी २०२५ ला मणिपूरमध्ये राष्ट्रपती राजवट लागली. तिला दोन महिन्यांत संसदेची मंजुरी घेणं घटनेने बंधनकारक केलंय. लोकसभेने तो विषय घेतला, तेव्हा वक्फ विधेयक संपून रात्रीचे सुमारे दोन वाजले होते.

दोन्ही वेळा नियमाने भाग पाडलं, म्हणून वेळ निघाला. हे स्वाभाविकही आहे. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत, मणिपूरचे २. वेळ संख्याबळावर मिळणार असेल, तर छोट्या राज्याने कायम रांगेच्या शेवटी उभं राहायचं.

कुणी म्हणेल, भाषणांनी बंदुका थांबतात का? नाही थांबत. पण चर्चेत सरकारला कारणं द्यावी लागतात, ती नोंदली जातात, उद्या त्यांवरून जाब विचारता येतो. ‘हे आमच्या देशात घडतंय’ असं देश अधिकृतपणे कबूल करतो. ज्याचं घर जळालंय, त्याच्यासाठी ही कबुली छोटी नसते.

म्हणून हा वेळ कुणाच्या मोठ्या मनावर सोडू नये. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दर सत्रात २० दिवसांचा विषय विरोधी पक्ष ठरवतात. आपल्याकडे तशी सोय नाही. ती आणता येईल. एखाद्या राज्यात इतकी माणसं मरत असतील, तर ठरावीक दिवसांत चर्चा व्हायलाच हवी, असा नियमही करता येईल. छोट्या राज्याला बहुमत कधीच मिळणार नाही. निदान तारीख तरी हक्काने मिळावी.