खंडेनवमीचा हिशेब

भोर तालुक्यातल्या एका गावात एक सुतारमिस्त्री होता. मुलगे चाकणच्या कंपन्यांत लागले आणि सुतारमेटाला वारस उरला नाही, तेव्हा त्यानं बहिणीची दोन मुलं हाताशी घेतली. थोरला भाचा पुण्यात फर्निचरच्या साइटवर राबून आलेला, धाकटी भाची आयटीआयमधून सुतारकामाचा ट्रेड करून आलेली. गुढीपाडव्याला मिस्त्रीनं दोघांच्या हातावर सहा-सहा हजार ठेवले.

"आपापली हत्यारं आणा. माझ्या पेटीला हात लावायचा नाही. खंडेनवमीला पूजेला मांडाल, तेव्हा हिशेब घेईन."

"पावत्या ठेवायच्या का मामा?" थोरल्यानं विचारलं.

"पावत्यांचं काय करू? हत्यारं ठेवा म्हणजे झालं."

थोरला दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेला. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका दुकानात त्याला दीडशे नगांची पेटी दिसली. नळीपाने, अ‍ॅलन की, स्क्रू ड्रायव्हर, पकडी, चार पटाश्या, प्रत्येकाला बसायला आपापला खाचा, सगळ्यावर आरशासारखी चकाकी. किंमत अठ्ठेचाळीसशे. त्यानं तिथंच मनात भागाकार केला: नगाला बत्तीस रुपये! एवढ्यात हल्ली साधा वडापाव आणि चहा होतो. उरलेल्या पैशांत त्यानं एक तयार करवत, एक हातोडी आणि एक गुण्या घेतला.

भाची पहिला आठवडा कुठंच गेली नाही. मामाचा हात दिवसभरात कोणत्या हत्याराकडे किती वेळा जातो, हे ती वहीत टिपत बसली. पटाशी, रंधा, करवत, गुण्या, हातोडी आणि मधूनमधून कानस. दिवसाचं सगळं काम एवढ्यावर चाललेलं. स्क्रू ड्रायव्हर लागला तो बिजागऱ्या बसवायला, तोही एकच. वही बघून थोरला हसला. मिस्त्री मात्र काही बोलला नाही.

मग एका रविवारी ती पुण्याच्या जुन्या बाजारात गेली. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथं गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात पन्नास वर्षांपूर्वीचं चांगलं पोलादही पडलेलं असतं, अगदी निरुपयोगी भंगारही असतं. निवडता आलं पाहिजे. तिनं रंध्याची पाती चाळली. वरवरचा तांबूस गंज तिनं मनावर घेतला नाही, तो घासून जातो. पण धारेजवळ, पात्याच्या सपाट बाजूला, गंजानं खड्डे पाडलेले दिसले की ते पातं बाजूला. धार दोन बाजू मिळतात तिथं तयार होते. त्यातली एक बाजू खड्ड्यांची असली, तर लाकडावर दर वेळी रेघ उमटणार. खाचेच्या पुढं घासायला किती लांबी शिल्लक आहे, तेही तिनं पाहिलं. एक पातं घेतलं. रंध्याचं ठोकळं तिनं नंतर मामाच्या अडगळीतल्या बाभळीच्या तुकड्यातून स्वतःच काढलं. हातोडीचा नुसता माथा घेतला आणि धामणीचा दांडा घरी बसवला.

पटाश्या मात्र तिनं नव्या घेतल्या, आणि दुकानात जाताना पिशवीत लहानशी तिकोनी कानस नेली. पटाशीच्या कडेला, टोकाजवळ, हलक्या हातानं कानस फिरवायची. कानस घसरत गेली तर पोलादाला पाणी नीट दिलेलं आहे. लोण्यात शिरावी तशी शिरली, तर वर क्रोमचा कितीही मुलामा असो, आत मऊ लोखंड. मुलाम्यावरून आतलं पोलाद कळत नाही, आणि दांड्यावर ठोकलेल्या इंग्रजी अक्षरांवरून तर नाहीच, कारण अक्षरं कोणीही ठोकू शकतो. पहिला दुकानदार म्हणाला, "ताई, माल खराब करू नका." दुसराही तेच म्हणाला. तिसरा म्हणाला, "बघा की, पण कडेलाच बघा." त्याच्याकडून तिनं चारशे-चारशेच्या दोन पटाश्या घेतल्या, एक बारा मिलिमीटरची आणि एक पंचवीसची. एक जुनी करवतही आणली. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड थोडा महाग पडला. मग हात आखडला, आणि गुण्या तिनं फुटपाथवरून नव्वद रुपयांचा उचलला.

कामं सुरू झाली. भोरकडचा पाऊस म्हणजे चार महिने ओल. दोघांची हत्यारं रात्री तेलाच्या फडक्यात. पण सागाच्या लाकडात बारीक वाळूसारखा अंश असतो, तो धार खातो. थोरल्याच्या पेटीतल्या पटाश्या दोन दिवसांत बोथट व्हायच्या. तो त्या गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर धरायचा. ठिणग्या छान उडायच्या, पण टोक तापून निळं पडायचं. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग ती धार पुठ्ठा कापायला बरी. चार पटाश्या आषाढ संपायच्या आत संपल्या. नंतर तो नव्वद-नव्वदच्या सुट्या घेत राहिला, एक दीड-दोन महिने टिकायची. भाची रोज सकाळी दगडावर घासलेटचे चार थेंब टाकून हातानंच धार काढायची. पाच मिनिटांचं काम, आणि कंटाळवाणं.

खंडेनवमीला सुतारमेट झाडून, शेणानं सारवून दोघांनी हत्यारं मांडली. झेंडू, हळदकुंकू, नारळ. थोरल्याची पेटी उघडली तेव्हा आरतीचा उजेड तिच्यात चमकला. भाचीचं गाठोडं त्यापुढं गरीब दिसत होतं.

पूजा झाल्यावर मिस्त्री चष्मा लावून बसला. पेटीतल्या ज्या नगांवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं, ते त्यानं एकेक करून बाहेर काढले. शंभराच्या वर भरले.

"हे कशाला घेतलंस?"

"कधी लागले तर…"

"नळीपाने मोटारवाल्याला लागतात. सुताराला सहा महिन्यांत लागले नाहीत. तू नगाला बत्तीस रुपये मोजलेस. वापरलेस ते नग मोज आणि त्यांनी भाग. मग बघ काय भाव पडला."

थोरल्यानं मनात भागाकार केला. या वेळी तो काही बोलला नाही.

मिस्त्रीनं भाचीची पटाशी घेतली. ती नखभर आखूड झाली होती. "हिची चारशेची पटाशी दहा वर्षं जाईल. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धर. दिवसाला तेरा पैसे. तुझी नव्वदची पन्नास दिवस जाते, म्हणजे दिवसाला एक रुपया ऐंशी पैसे. स्वस्त कोणती?"

भाचीला जरा बरं वाटलं असावं, कारण मिस्त्री लगेच थोरल्याच्या करवतीकडे वळला. तिचे दात टोकाला निळसर होते, पण ते कारखान्यात मुद्दाम तापवून टणक केलेले. "ही मात्र चांगली आणलीस. हिच्या दातांवर कानस चालत नाही, बोथट झाली की टाकायची. पण सहा महिने झाले, अजून कापतेय. माझ्या करवतीला कानशीनं दात काढायला माझी अर्धी सकाळ जाते. त्या सकाळची मजुरी धरली, तर तुझी करवत स्वस्त." भाचीनं आपल्या जुन्या करवतीकडे पाहिलं, तिच्याही अशा कितीतरी सकाळी गेल्या होत्या.

शेवटी मिस्त्रीनं दोघांचे गुण्ये मागितले. सरळ कडेची एक फळी घेतली, गुण्या कडेला टेकवून पेन्सिलीनं रेघ ओढली, मग गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी. थोरल्याच्या दोन रेघा एक झाल्या. भाचीच्या रेघा खाली जुळल्या आणि वर फाकल्या, दीडशे मिलिमीटरला मिलिमीटरभर. उलटून पाहिल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्यात अर्धा मिलिमीटर खोट.

"तीन फुटी दाराला किती?" मिस्त्रीनं विचारलं.

"तीन मिलिमीटर," ती हळूच म्हणाली.

"खालच्या आळीतलं दार पावसानं फुगून अडकतं, असं तूच सांगत होतीस ना?"

ती खाली मान घालून म्हणाली, "नव्वद रुपयांत कसला मिळणार मामा?"

"नव्वदचाही बिनचूक निघू शकतो. महागडा एकदा हातातून पडला की बिघडू शकतो. पटाशीसाठी दुकानात कानस नेलीस, गुण्यासाठी पेन्सिल न्यायला काही पैसे पडले असते का?" मग दोघांकडे बघून तो म्हणाला, "धार आणि माप, या दोन गोष्टी कामाला थेट टेकतात. पैसा आणि डोळा दोन्ही तिथं लावायचं. दांडा, ठोकळं, पेटी यांचं काय, घरच्या लाकडातून होतं."

माझी पेटी कोणाला, हे मिस्त्रीनं त्या दिवशी सांगितलं नाही, आणि विचारायची दोघांचीही हिंमत झाली नाही. थोरल्यानं नळीपाने फाट्यावरच्या गॅरेजवाल्याला निम्म्या भावात दिले आणि आलेल्या पैशांत एक दगड आणि दोन पटाश्या आणल्या. भाचीनं नवा गुण्या पारखून घेतला आणि खालच्या आळीतलं ते दार मजुरी न घेता नीट करून दिलं.

तुम्ही घरच्यासाठी असो की धंद्यासाठी, हत्यारं घ्यायला निघाला असाल, तर आठवडाभर आधी आपला हात कशाकडे जातो ते टिपा आणि दुकानात जाताना एक कानस, एक पट्टी आणि एक पेन्सिल बरोबर ठेवा. दुकानदार पारखू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.