अंगावर काढलेलं दुखणं

पाथर्डी तालुक्यातले दोन सख्खे भाऊ ऊसतोडीसाठी प्रवरेच्या काठी उतरले होते. शेजारी शेजारी कोप्या, एकाच मुकादमाची उचल. पौषातल्या थंडीत दोघांनाही एकदमच कणकण आली. अंग मोडून आलं, कोरडा खोकला सुरू झाला.

धाकटा कोपीतच थांबला. आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे तोंडाला उपरणं बांधून पोरांपासून वेगळा निजला. तापाला पॅरासिटामॉल घेतली, पेज-पाणी पीत राहिला. गोळीविना अख्खा दिवस बिनतापाचा गेला, तेव्हाच त्यानं कोयता हाती घेतला.

थोरला म्हणाला, "एवढ्याशा तापाला कोण भितं? अंगावर काढीन. उचल फिटायची हाय." पहाटे फडात, रात्री मोळ्या भरायला. मधेच कुणाकडून तरी अँटिबायोटिकची एक सुई टोचून घेतली. खोकत खोकतच बायको-पोरांत बसून जेवला, त्यांच्यातच झोपला.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोला ताप भरला. तिला सातवा महिना. दुसऱ्याच दिवशी तिला बोलताना धाप लागू लागली. धाकट्यानं मुकादमाला जीप काढायला लावली आणि वहिनीला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं ऑक्सिजन लावला, ऑसेल्टामिवीर सुरू झालं.

डॉक्टर थोरल्याला म्हणाले, "दोन दिवसांच्या आत आणलंत, हे फार बरं केलंत. हे औषध लवकर दिलं तर जास्त लागू पडतं. फ्लू विषाणूनं होतो, अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. धडधाकट माणूस बहुधा आठवड्यात उठतो. गरोदर बाई, लहान पोर, म्हातारं माणूस, दमा-मधुमेहवाले यांच्या मात्र तो छातीत उतरू शकतो. म्हणून तर गरोदरपणात फ्लूची लस घ्यायला सांगतात."

बाई वाचली. पण थोरल्याचा कोयता पंधरा दिवस आडवा पडला, उचल होती तशीच राहिली.

टोळीतली म्हातारी त्याला म्हणाली, "माझी आजेसासू सांगायची, मानमोडीत घरंच्या घरं निजली. पाणी पाजायला मानूस उरला नव्हता." मानमोडी म्हणजे 1918 ची फ्लूची साथ. पावसानंही त्याच साली दगा दिला होता. या दोन्ही तडाख्यांनंतर 1921 च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली.

तात्पर्य : फ्लू अंगावर काढला, तरी तो काढणाऱ्याच्याच अंगावर राहत नाही, घरातल्या सगळ्यात नाजूक जिवाला गाठतो. ताप आला की थांबा, तोंड झाका, आणि धाप लागली तर तडक दवाखाना गाठा.