आधी माया, की आधी सेवा?

बाबा आमटे वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना स्वतः डोक्यावरून मैला वाहत. एका पावसाळी रात्री त्यांना कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम नावाचा माणूस दिसला आणि ते भिऊन पळाले. मग परतले, त्याला आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. मला यातलं परतणं फार मोलाचं वाटतं. ते प्रेमाच्या उमाळ्याने परतले नव्हते. आपल्या मनात अशी भीती आहे, हेच त्यांना सोसवेना. पुढे त्यांनी कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली. माया करायलाही मलमपट्टी शिकावी लागते.

हेच मी घरीही अनुभवलं. इथे आमच्या जांभूळ गावी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा माझ्या मनात त्यांच्याविषयी ओढ नव्हती. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, सगळं कर्तव्य म्हणून चाललं होतं. पण रोज हात लावता लावता त्यांची पाठ कुठे दुखते हे मला न सांगता कळू लागलं. त्या उल्हास नदीच्या पुराच्या आठवणी सांगत आणि भांडी तशीच टाकून मी ऐकत बसे. ही माया सेवेच्या आधी नव्हती, सेवेतून आली.

मात्र एवढ्यावरून घरच्या बाईवरच सगळा भार टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आमच्याकडे रात्रीची पाळी माझ्या नवऱ्याने घेतली. आईची खरी ओळख त्यांनाही तेव्हाच झाली.