नोंदवहीतील मौन

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या इतक्या आहेत की, नुसत्या नावावरून कोणाला पत्ता लागावयाचा नाही. या वाड्यांतील ठाकूर (ठाकर) समाजाविषयी सरकारी अंमलदारांचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो : माणसे गरीब, स्वभावाने शांत, तंटाबखेडा नाही, फिर्याद नाही. या शांततेचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रश्न पोलिसी बंदोबस्ताचा वाटला तरी माझ्या मते तो प्रथमतः धर्माचा प्रश्न आहे. कारण विश्वासातून उपजलेली शांतता आणि भयातून उपजलेली शांतता या बाहेरून हुबेहूब सारख्याच दिसतात, आणि ठाण्याच्या नोंदवहीत तर दोहोंची नोंद एकाच रीतीने होते, म्हणजे होतच नाही.

इतरांसारखेच दोन हात, तीच मान आणि तोच देह असलेला एक मनुष्य बाकीच्यांवर अधिकार कसा चालवतो, असे महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या भीष्मांना विचारतो. भीष्म सांगतात ते असे की, आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता; प्रजा धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत होती, आणि पुढे मोह शिरला तेव्हा दंडाची गरज उत्पन्न झाली. म्हणजे विश्वास आधीचा आणि दंड मागाहूनचा. कौटिल्य इतका भाविक नाही. पण दंड कठोर झाला तर प्रजा उद्विग्न होते, मवाळ झाला तर राजाचीच अवहेलना होते आणि यथायोग्य असला तरच तो पूज्य ठरतो, हे त्यानेही बजावून ठेवले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोच्या नागरिकांना प्रश्न विचारून १९९० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की, लोक कायदा पाळतात ते शिक्षेच्या धाकापेक्षा, आपल्याशी न्यायाने आणि आदराने वागले जाते या प्रतीतीमुळे. कौटिल्याला याचे फारसे नवल वाटले नसते.

ठाकरांच्या श्रद्धेत मात्र या प्रश्नाचा विचार पंडितांच्या ग्रंथांहून अधिक स्पष्टपणे झालेला मला दिसतो. आश्विन महिन्यात वाघबारस येते आणि सह्याद्रीतील आदिवासी वाघदेवाला पुजतात. ज्याच्यापासून रक्षण हवे त्यालाच रक्षक मानावयाचे, हे शहरी मनाला भाबडेपणाचे वाटेल. परंतु या पूजेत भयाला मर्यादा घातलेली आहे, कारण माणसाने वाघाचा मान राखावा आणि वाघाने गुरावासरांना सोडावे, असा तो उभयपक्षी करार आहे. खाकी गणवेशाशी या वाड्यांचा असा करार कधी झालाच नाही. त्यांना सरकार प्रथम भेटले ते जंगलाच्या शिपायाच्या रूपाने. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राने राखीव झाली आणि काल जो लाकूडफाटा व राबासाठी तोडलेला टहाळा हा वहिवाटीचा हक्क होता, तो आज गुन्हा ठरला. जवळच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यातील हुतात्म्यांत नाग्या कातकरी होते. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचे निर्दालन हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद उदात्त आहे खरे. पण सज्जन कोण आणि दुष्ट कोण हे ठरवावयाचे कोणी? माथेरानचे क्रांतिकारक भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने पडले, तेव्हा दफ्तरात ते फरारी होते. आज सरकारच त्यांना हुतात्मा म्हणते.

मौनाचा अर्थ न्यायासनानेही किती सोयीने लावावा, याचे उदाहरण याच महाराष्ट्रातले आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून तिची संमती गृहीत धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. पुढे देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील स्त्री संमती नव्हती असे सांगेल, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरू नये, असे तर १८७२ च्या पुरावा कायद्यानेच सांगितले होते आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. ठाण्याच्या भिंतींआड निघालेल्या शब्दावर कायदा स्वतः विश्वास ठेवीत नाही; मग तेथपर्यंत न पोहोचलेल्या शब्दाला समाधानाची पावती कसे समजावयाचे?

कोऱ्या पानाला पुरावा मानण्याची ही खोड केवळ पोलिसांची नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. यंत्रे चढण्याजोगा रस्ताही नव्हता, म्हणून मदतीला गेलेले लोक चिखलातून पायी चढले आणि हातांनी, फावड्यांनी माती उपसू लागले. वाड्यांचा पोलिसांवरील विश्वास वाढावा म्हणून मेळावे भरवणाऱ्यांनी या चढणीचा विचार अवश्य करावा. सरकार वाडीवर चढून येते ते केवळ कोणाला धरून नेण्यासाठीच नव्हे, हे अशा वेळी दिसते. दुर्दैव एवढेच की, तसे दिसण्यासाठी डोंगर कोसळावा लागला.

२००७ साली महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तंटे सामोपचाराने मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळू लागली. हेतू चांगला होता. कोर्टकचेरीच्या फेऱ्यांत गरीब कसा नागवला जातो हे जाणणाऱ्यांनीच ती योजना आखली होती. तथापि ज्या बैठकीत वाडीचा माणूस दाराशी बसतो आणि शेवटी बोलतो, किंवा बोलतच नाही, तेथील सामोपचार कोणाच्या पदरात पडतो? उद्या एखादी ठाकरीण डोंगर उतरून ठाण्यात आली आणि आपली फिर्याद शब्दशः लिहून घ्यावी म्हणून अडून बसली, तर त्या दिवशी त्या ठाण्यावर प्रथमच कोणी विश्वास ठेवला असे मी म्हणेन. पण महिनाअखेरच्या तक्त्यात एक गुन्हा वाढलेला दिसेल, आणि तो का वाढला याचा जाब वरिष्ठ फौजदारालाच विचारतील.